शुक्रवारची दातांची गाडी

आमच्या विद्यापीठातल्या पोरांचे दात खराब आहेत, ही गोष्ट नऊ वर्षं कागदोपत्री सिद्ध होती. अहवालात होती, तक्त्यात होती, एकदा तर पडद्यावर रंगीत खांब काढून बाहेरून आलेल्या समितीलाही दाखवली होती. दातांना मात्र काही झालेलं नव्हतं. या सगळ्यामागे एकच बाई होती आणि ती माझ्या बाजूच्या टेबलावर बसायची. ज्योत्स्ना भोयर, हुद्दा परिचारिका. सगळे तिला ताई म्हणायचे. मीही म्हणायचो, पण वैतागून.

मी फार्मासिस्ट. माझं नाव पगारपत्रकात आहे, बाकी जग भैयाजी म्हणतं. सेलू सोडून केळझरकडे निघालं की रस्त्याला लागून आमचं विद्यापीठ, आणि फाटकातून आत शिरलं की पहिलीच बैठी इमारत म्हणजे आरोग्य केंद्र. तीन खोल्या. एकीत डॉक्टर, एकीत दोन खाटा, एकीत ताई, मी आणि औषधांची कपाटं. डॉक्टर वर्ध्याहून दहाला यायचे, बाराला जायचे. भला माणूस. समोर ठेवलेल्या कागदावर न वाचता सही करायचे. पुढच्या सगळ्या भानगडीत त्यांचा वाटा एवढाच.

आधी चिठ्ठीचं सांगतो, कारण चिठ्ठी समजल्याशिवाय ताई समजणार नाही. ताप, जुलाब, खरचटणं आम्ही इथेच निपटवतो. त्यापलीकडचं काही असलं की पोराला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात त्या त्या आजाराच्या डॉक्टरकडे पाठवायचं, आणि त्यासाठी लागते आमची रेफरलची चिठ्ठी. चिठ्ठी असली की तिकडे वेगळी रांग, फी माफ आणि दर खेपेला तोच डॉक्टर. चिठ्ठी पंधरा दिवस चालते, सोळाव्या दिवशी नवी करायची. तिच्या तीन प्रती, मधे कार्बन. वरची पांढरी प्रत पोराच्या हातात, दवाखान्यासाठी. दुसरी वॉर्डनला. तिसरी वाहन विभागाला. वाहन विभाग त्यावरून यादी करतो आणि आदल्या दिवशी फाटकावर चिकटवतो, म्हणजे चौकीदार पुनाजीला कळावं, दुसऱ्या दिवशी गाडीत कोणाला बसू द्यायचं. यादीत नाव, वर्ग, वसतिगृहाची खोली आणि शेवटच्या रकान्यात विभाग. सोमवारी त्वचा, मंगळवारी हाडं, बुधवारी डोळे, गुरुवारी कान-नाक-घसा. शुक्रवारी दात आणि मनोविकार.

सोमवारची गाडी कायम भरलेली. पोट्टे येणार आणि म्हणणार, केस गळून राह्यले, रेफर करून द्या. अरे बावा, आधी तुझ्या बापाचं डोकं पाहा, मग आज्याचं पाहा, मग चिठ्ठी माग. हे मी तोंडावर बोलायचो. माझं तोंड तसंच आहे, तक्रारी झाल्या आहेत, दोन.

ताई तोंडावर काही बोलायची नाही. माहेर देवळीचं, सासर सेलूचं, मिस्टर वीज मंडळात लाइनमन. नागपूरला नर्सिंग शिकून आली, सहा वर्षं खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काढली आणि मग इथे बावीस वर्षं. इंजेक्शन देताना 'घाबरू नको' असं तिने कधी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. "कोणत्या गावचा रे तू?" असं विचारायची. पोरगा गाव, मग तालुका, मग कोणत्या रस्त्यानं जावं लागतं ते सांगेपर्यंत काम झालेलं असायचं. माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायची. नंबरानं कधी हाक मारायची नाही. बाकावर दहा जण बसलेले असले तर सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघायची आणि सातव्याला आधी उठवायची. मग पहिले सहा जण येऊन भांडायचे माझ्याशी. तिच्याशी भांडायची कोणाची हिंमत नव्हती. सॉरी हा शब्द तिच्या तोंडून मी बावीस वर्षांत ऐकलेला नाही, आणि लोणचं तर विचारूच नका.

दातांची सुरुवात झाली नऊ वर्षांपूर्वी. बी.एड.ला स्वीटी नावाची पोरगी होती. गुणी, अक्षर सुंदर. एक दिवस वर्गात तिचे हातपाय गार पडले, श्वास लागला. असं तीन वेळा झालं. डॉक्टरांनी मनोविकार विभागाची चिठ्ठी दिली, मी ती रजिस्टरला चढवली, वाहन विभागाने यादी फाटकावर लावली. नियमाने सगळं बरोबर होतं. संध्याकाळपर्यंत त्या यादीवर तिच्या नावापुढे कोणीतरी पेनाने चित्र काढलं, खाली दोन शब्द लिहिले. ते मी इथे लिहीत नाही. शुक्रवारी गाडी आली, स्वीटी नाही आली. शनिवारी तिचा काका येऊन सामान घेऊन गेला. पोरगी घरी बसली, शिक्षण गेलं, इलाज तर झालाच नाही. यादी फाटकावरून मी स्वतः ओरबाडून काढली, पण ते दोन दिवस उशिरा.

पुढच्या आठवड्यात मनोविकाराची दुसरी चिठ्ठी करायची वेळ आली. तेव्हा ताईने नाव लिहिलं, वर्ग लिहिला, आणि विभागाच्या रकान्यापाशी आल्यावर दोन्ही कार्बन अलगद बाहेर ओढले. वरच्या पांढऱ्या प्रतीवर लिहिलं, मनोविकार. मग ती प्रत उचलून खालच्या दोन्हींवर लिहिलं, दंत. कार्बन परत घातले आणि उरलेलं भरलं. डॉक्टरांनी तिन्ही ठिकाणी सही केली.

मला हे कळायला आठ महिने लागले. एका पोराला दंतात सोळा वेळा पाठवल्याचं रजिस्टरमध्ये दिसलं. माणसाला दात बत्तीस. मी म्हटलं, "ताई, काय चालू आहे हे?"

तिने सांगितलं. मी म्हटलं, "हे खोटं कागद करणं आहे."

"मंग खरं तुम्ही लिवा," ताई म्हणाली. "अन् खरं लिवल्यावर जे पोरगं घरी जाऊन बसन, त्याच्या घरी फोन बी तुम्हीच करजा."

मी रजिस्टर मिटलं. त्या दिवसापासून मीही दंतच लिहू लागलो. यात माझा मोठेपणा नाही, मला फोन करायला आवडत नाही.

पोरांनाही ते लवकरच समजलं. शुक्रवारी सकाळी साडेआठला गाडी निघायची. ड्रायव्हर रोशन. ताई दर शुक्रवारी सोबत जायची. फाटकात पुनाजी यादी बघून विचारायचा, "काय रे, दाढ का?" पोरगं गालावर हात ठेवून हो म्हणायचं. काही हुशार पोट्टे रुमालात लवंग घेऊन यायचे. पुनाजी कनवाळू माणूस, तो प्रत्येकाला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगायचा. नऊ वर्षांत त्याने किती जणांना गुळण्या सांगितल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

सूरज कुमरेचं वेगळं सांगावं लागेल. त्याच्या बाबतीत मी माती खाल्ली. एम.एस्सी.चा पोरगा. गोंडाच्या घरातला, कारंजाकडच्या जंगलातलं गाव, बाप बापूजी वनमजूर. अख्ख्या गावातून कॉलेजात पोचलेला तोच पहिला. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता तो माझ्या खिडकीवर आला आणि झोपेच्या गोळ्या मागितल्या. मी म्हटलं, रातभर मोबाइल पाहता अन् झोपेच्या गोळ्या मागता, चल हो बाजूला. तो झाला बाजूला. मग पायऱ्या उतरला. ताई आतून आली, मला म्हणाली, "कोण होता?" मी सांगितलं. ती तशीच अनवाणी त्याच्या मागे पळाली. पंचावन्नला टेकलेली बाई, गुडघे दुखतात, पळाली. त्याला धरून आणलं, खाटेवर बसवलं, आणि दार लावून दोन तास त्याच्याजवळ बसली. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाली, "एकवीस दिवस झाले, झोपला नाई पोरगा. गोळ्या झोपायसाठी नव्हता मागत." मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. आजही वाटते.

त्याच दिवशी आपत्कालीन म्हणून नेलं, आणि मग दर दुसऱ्या शुक्रवारी सूरज गाडीत असायचा. सहा महिन्यांनी तो जेवू लागला. वर्षाने हसू लागला. प्रयोगशाळेत रात्रीबेरात्री काम करायचा, ते वर्ध्याच्या डॉक्टरांनी बंद करवलं. गोळ्या मात्र सुरूच ठेवायच्या होत्या, एकही खेप चुकवायची नाही, अचानक तर मुळीच थांबवायच्या नाहीत, असं तिकडच्या डॉक्टरांनी ताईला बजावून सांगितलं होतं. घरी त्याने सांगितलं होतं, दाढेचं काम मोठं आहे.

लॉकडाऊननंतर शुक्रवारची गाडी भरून वाहू लागली. रोशन दोन खेपा मारायला लागला. आणि वर्षाच्या शेवटी गुणवत्ता कक्षातल्या एका तरुण प्राध्यापकाने आरोग्य केंद्राचे आकडे मागवले, संगणकात टाकले आणि घाबरला. रेफरलमध्ये निम्म्याच्या वर दंत. डोळे, हाडं, त्वचा सगळे मिळून मागे.

समिती बसली. कुलसचिव साहेब अध्यक्ष. मी आणि ताई निमंत्रित. रसायनशास्त्राचे प्रमुख म्हणाले, पाण्यात फ्लोराइड असणार. पाणी तपासायला गेलं, तीन आठवड्यांनी आलं, ठीक होतं. समितीने अहवाल दोनदा वाचला आणि हळहळ व्यक्त केली. मग वॉर्डन म्हणाले, "खर्रा." सगळ्यांना एकदम पटलं. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला तो खर्रा आमच्याकडे कोण खात नाही? मी खातो. पुनाजी खातो. समितीतल्या दोघांच्या खिशात त्या क्षणी पुडी होती. ठराव झाला, खर्रामुक्त परिसर. फाटकाबाहेरचा पानठेला हटवला. पुनाजीला पोरांचे खिसे तपासायचं काम दिलं. तो तोंडात खर्रा धरून, तोंड बंद ठेवून खिसे तपासायचा, त्यामुळे त्या काळात त्याचा गुळण्यांचा सल्ला बंद पडला. मला खर्ऱ्यासाठी सेलूपर्यंत जावं लागायचं. मी ताईला म्हटलं, "तुमच्या पायी माझे हाल होऊन राह्यले." ती म्हणाली, "बरं झालं. दात तरी वाचतीन तुमचे."

तरी आकडे काही खाली येईनात. कुठून येणार? शेवटी साहेबांनी मनावर घेतलं. साहेब वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगतो. त्यांना खरोखर पोरांच्या दातांची काळजी वाटत होती. त्यांनी वर पत्रं लिहिली, निधी आणला, आणि आरोग्य केंद्राच्या खाटांच्या खोलीत दंतवैद्याची खुर्ची बसवली. निळी, वर दिवा, बाजूला थुंकायचं भांडं. दर शुक्रवारी दंतवैद्य बाई इथेच येणार असं ठरलं. उद्घाटनाला साहेबांनी नारळ फोडला. ताईने ओवाळलं. ओवाळताना ती साहेबांकडे नाही, खुर्चीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. दंतोपचार परिसरातच उपलब्ध झाल्याने शुक्रवारची गाडी व दंत विभागाचे बाहेरील रेफरल बंद करण्यात येत आहेत.

मी म्हटलं, "आता?"

ताई म्हणाली, "आता मनोविकाराची गाडी मागावी लागन."

"मग यादी लागणार फाटकावर."

चार दिवस तिने माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं नाही. बसने जाता आलं असतं, पण दंतचं रेफरल बंद म्हणजे चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही म्हणजे वेगळी रांग नाही, आणि आमचे पोट्टे दोन बस बदलून, नवीन पेशंट म्हणून, तासंतास रांगेत उभे राहून त्या विभागात जातील, हे कोणीही मानणार नाही. सूरज तर नाहीच. त्याच्याकडे सतरा दिवसांच्या गोळ्या होत्या.

ताई काही करेपर्यंत दंतवैद्य बाईंनीच घोटाळा केला. कामसू बाई. त्यांनी सगळ्यात जुन्या अठरा दंतरुग्णांची यादी मागवली, एकेकाला खुर्चीवर बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. अठरापैकी सोळा जणांचे दात उत्तम. एकालाही कधी साधं सिमेंटसुद्धा भरलेलं नाही. सूरजचे दात पाहून तर त्या म्हणाल्या, असे दात पुस्तकात असतात. हे सगळं त्यांनी कौतुकाने लिहून साहेबांना पाठवलं.

साहेबांनी बेरीज केली. दात चांगले, तरी नऊ वर्षं गाडी जाते. शुक्रवारीच जाते. आणि वर्ध्यात नवा सिनेमा लागतो शुक्रवारीच. सोळा पोरांना नोटिसा निघाल्या: सोमवारी अकरा वाजता पालकांसह हजर राहावे, अन्यथा वसतिगृहातून काढण्यात येईल.

शनिवारी सूरज आला. बाकावर बसला. म्हणाला, "ताई, मी घरी जातो. शिकणं बस झालं."

"गोळ्या किती हायेत?"

"पाच दिवसाच्या."

"मंग?"

"बाबा येऊन राह्यले. त्याहिले मी दाढ सांगतली होती. आता काय सांगू? गावात लोक म्हणतीन, शिकून शिकून येडा झाला. माह्यामागं अजून दोघं पोरं शायेत जातात, त्याहिचे बाप त्याहिले काढतीन."

"तू काहीच बोलू नको," ताई म्हणाली. "सोमवारी मी सांगीन काय सांगायचं ते. तुह्यं नाव नाई निघू देत."

तो गेल्यावर तिने कपाटातून एक कोरा कागद काढला आणि राजीनामा लिहिला. मला दाखवला, शुद्धलेखन बघा म्हणाली. मी पाहिला, एक वेलांटी चुकली होती, पण सांगितली नाही. मला फार राग आला होता. कोणाचा राग येत होता ते समजेना. साहेबांचा म्हणावं तर त्यांनी खुर्ची आणली होती. ताईचा म्हणावं तर तिने पोरं जगवली होती. मग मी बाहेर जाऊन पुनाजीवर ओरडलो.

सोमवारी साहेबांच्या खोलीत आम्ही होतो: साहेब, वॉर्डन, ताई आणि रजिस्टर घेऊन मी. बाहेर व्हरांड्यात सोळा पोरं आणि त्यांचे आईबाप. कोणी शेतातून आलेले, कोणी कामावर खाडा करून.

ताई बसली नाही. "साहेब, दंत मी लिवत होतो. डॉक्टरले माहीत नाई, पोरांनी सांगतलं नाई. चूक माही हाये. जे करायचं ते माह्यं करा."

"ते करूच," साहेब म्हणाले. "मुलं कुठे जात होती?"

"दवाखान्यात."

"कोणत्या विभागात?"

"ते नाई सांगत."

"सिस्टर, तुमच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत."

"तीन वर्ष दोन महिने," ताई म्हणाली.

साहेब माझ्याकडे वळले. मी रजिस्टर छातीशी धरलं. दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचे नंबर त्यात होते, तिकडे विचारलं असतं तर दोन दिवसांत सगळं उघडं पडलं असतं. साहेबांनाही ते माहीत होतं. ते म्हणाले, "ठीक आहे. सगळ्यात जास्त शुक्रवार ज्याचे आहेत, त्याला बोलवा."

सूरज आत आला. मागे त्याचा बाप. बापूजी बुटके, काळेसावळे, इस्त्री केलेला पांढरा सदरा, हातात पिशवी. त्यांनी सगळ्यांना, मलाही, हात जोडले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. साहेबांनी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "साहेब, पोराचे दात लहानपणापासून चांगले होते. हाड चावून खाये. इकडे आल्यावरच काई झालं असन."

"दात चांगलेच आहेत," साहेब म्हणाले. "तोच तर प्रश्न आहे."

बापूजींना ते समजलं नाही. साहेबांनी समजावून सांगितलं: गाडी, शुक्रवार, दोन वर्षं, दात मात्र ठणठणीत. मग सूरजकडे पाहून म्हणाले, "कुठे जात होतास? सिनेमाला?"

"त्याले नका विचारू," ताई मधेच बोलली. आवाज चढलेला. "मले विचारा ना. मी नेत होतो त्याले." आणि राजीनाम्याचा कागद तिने टेबलावर ठेवला.

सूरजने तो कागद पाहिला. उभ्याउभ्या वाचला. मग बापाकडे वळला आणि त्यांच्या भाषेत बोलू लागला. आमच्यापैकी कोणालाच गोंडी येत नाही. तो सात-आठ वाक्यं बोलला असेल, हळू, खाली बघून. बापूजींनी एकदा काहीतरी विचारलं. सूरजने मान हलवली. बापूजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग सूरज साहेबांकडे वळला. "मनोविकार विभागात जातो मी, सर. झोप येत नव्हती, जगावंसं वाटत नव्हतं. ताईंनी नेलं. आता वाटतं. बाकीच्यांचं मी नाही सांगणार, पण त्यांनी सिनेमा नाही पाहिला."

वॉर्डन खिडकीबाहेर बघू लागले. ताईने डोळे मिटून घेतले. नऊ वर्षं ती ज्या क्षणाला भीत होती तो हा, आणि तो थांबवायला तिच्याकडे आता काही नव्हतं. बाप पोराला आता काय म्हणेल, उचलून नेईल की इथेच कानफटात मारेल, मला कळेना. मी रजिस्टर खाली ठेवलं, वेळ आलीच तर मधे पडता यावं म्हणून.

बापूजी साहेबांना म्हणाले, "मंग गाडी काऊन बंद केली?"

साहेब म्हणाले, "दातांची खुर्ची आली म्हणून."

"खुर्चीवर हे बरं होते का?"

"नाही."

"मंग?"

साहेबांनी गाडीच्या आदेशाचा कागद पुढे ओढला. बापूजी जसं काही हवापाण्याचं सांगावं तसं म्हणाले, "याची माय बी अशीच होती साहेब. रात रात बसून राहे. चूल पेटवे नाई, पोराले जवळ घे नाई. आमी तिले देवाकडे नेलं, बुवाकडे नेलं, कोंबडं कापलं. हा पाचवीत होता तेव्हा गेली ते. याचा डॉक्टर राहते, अन् तिथवर न्यायले गाडी राहते, हे आमाले कोणी सांगतलंच नाई."

ताई मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. पदरात तोंड घालून, आवाज करून. बावीस वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. मीही डोळे पुसले, उगाच कशाला लपवू. सूरज तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, पण काय करावं ते त्याला सुचेना.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गाडी बंद केल्याचा आदेश त्यांच्या समोरच होता, त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, शुक्रवारपासून पूर्ववत. यादी फाटकावर लावू नये, ती आरोग्य केंद्रातच राहील, हेही लिहिलं. मग वॉर्डनना सांगितलं, बाहेरच्या सगळ्यांना चहा द्या आणि घरी जाऊ द्या, काही विचारू नका. राजीनामा त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. वेलांटी त्यांनाही दिसली असणार.

आम्ही निघालो तेव्हा दारात बापूजी थांबले. "साहेब, एक विचारू? मले बी येता येईन का त्या गाडीत? त्या डॉक्टरले पाह्यचं होतं. माह्या पोराचं काय केलं त्याहिनं ते समजून घ्याचं होतं. अन् तिले काय झालं होतं, ते बी विचारायचं होतं."

"गाडी फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे," साहेब सवयीने म्हणून गेले. मग त्यांनी ताईकडे पाहिलं.

ताईने पदराने तोंड पुसलं, माझ्या खिशातला पेन न विचारता काढून घेतला आणि तळहातावर लिहायच्या तयारीत बापूजींना म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा, दादा."